सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहताय? आधी शेअर सर्टिफिकेट शोधा

गृहनिर्माण सोसायट्यांबद्दल वाचकांची जी पत्रे येतात, त्यांत गळती आणि पार्किंगच्या खालोखाल आता व्यवस्थापक समितीच्या निवडणुकीचा नंबर लागतो. प्रश्न तेच ते असतात. ‘फ्लॅट मिस्टरांच्या नावावर आहे, मला महिला राखीव जागेवर उभे राहता येईल का?’ ‘रंगकामाच्या वर्गणीवरून वाद चालू आहे, ती मी भरलेली नाही, माझा अर्ज बाद होईल का?’ ‘चेअरमनपदासाठी कोणता फॉर्म भरायचा?’

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लगेच देऊन टाकतो: असा फॉर्मच नसतो. सभासद फक्त समितीचे सदस्य निवडतात. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार कोण, हे निवडून आलेली समिती तिच्या पहिल्या सभेत आपल्यातून ठरवते. तेव्हा ‘मला चेअरमन करा’ म्हणून कुणी दारोदार फिरत असेल, तर त्यांना उपविधी वाचायला द्या.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरे थोडी लांबण लावणारी आहेत. सोसायटीची निवडणूक प्रचारात क्वचित हरली जाते. ती हरली जाते कागदांत. नाव यादीत नसते, तीन महिन्यांपूर्वीचे बिल राहिलेले असते, सहयोगी सभासदत्वाचा अर्ज दिलेला असतो पण तो मंजूर झाल्याचा ठराव कुठे सापडत नाही. म्हणून निवडणूक लागल्यावर जागे होऊ नका. चालू समितीची मुदत कधी संपते हे विचारून घ्या आणि त्याआधी चार-सहा महिने कपाटातली फाइल बाहेर काढा.

आधी इमारत कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहा

हा लेख महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. या कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्यातली कलमे ‘१५४ब’ या क्रमांकाने सुरू होतात. जुन्या पुस्तकातून किंवा शेजारच्या वकीलकाकांच्या आठवणीतून मिळालेला सल्ला २०१९ च्या आधीचा तर नाही ना, हे एकदा बघून घ्या.

पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून ‘अपार्टमेंट’ असतात, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या. तिथे समिती कशी निवडायची हे घोषणापत्र आणि त्याला जोडलेले उपविधी सांगतात. शेअर सर्टिफिकेट मिळालेले नसेल आणि खरेदीखताऐवजी ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ असेल, तर तुम्ही बहुधा या गटात आहात. गोव्यातल्या वाचकांसाठीही कायदा वेगळा आहे: तिथे २००१ चा गोवा सहकारी संस्था कायदा चालतो.

नाव कुणाचे आहे?

निम्मी पत्रे या एका मुद्द्यावर अडलेली असतात, म्हणून इथे जरा थांबू या.

घरात राहतो म्हणून कुणी सभासद होत नाही. मेंटेनन्सचा चेक आपण फाडतो म्हणूनही होत नाही. शेअर सर्टिफिकेट काढा आणि त्यावर कुणाची नावे आहेत, कोणत्या क्रमाने आहेत ते बघा. मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदींचा तक्ता असतो. फ्लॅट पुनर्विक्रीत घेतला असेल, तर तुमचे नाव त्या तक्त्यात चढलेले आणि सह्या-शिक्क्यासह असायला हवे. अनेकांचे खरेदीखत नोंदलेले असते, सोसायटीने हस्तांतर शुल्कही घेतलेले असते, पण सर्टिफिकेटवर अजून आधीच्या मालकाचेच नाव असते. निवडणूक अधिकारी सोसायटीच्या सभासद यादीवरून मतदार यादी करतो. तुमच्या कपाटातले खरेदीखत त्याच्यासमोर आपोआप येत नाही.

आता सभासदांचे प्रकार पाहा:

- मूळ सभासद: सर्टिफिकेटवर पहिले नाव ज्याचे. मतदान आणि उमेदवारी, दोन्हींचा हक्क.
- संयुक्त सभासद: सर्टिफिकेटवर दुसरे किंवा तिसरे नाव ज्याचे. पहिल्या सभासदाच्या गैरहजेरीत मत देता येते. फ्लॅटमागे मते दोन होत नाहीत.
- सहयोगी सभासद: सर्टिफिकेटवर नाव नाही, पण मूळ सभासदाच्या लेखी अर्जावरून आणि संमतीने सोसायटीने दाखल करून घेतलेली जवळची नातेवाईक व्यक्ती: पती किंवा पत्नी, आईवडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, जावई, सून, भाचे-पुतणे.
- तात्पुरता सभासद: मूळ सभासदाचे निधन झाल्यावर, वारसांचे नाव रीतसर लागेपर्यंत दाखल करून घेतलेली नामनिर्देशित व्यक्ती.

भाडेकरू यांत कुठेच नाही. ते पंधरा वर्षे त्या घरात राहत असले, गणपतीचा सगळा कार्यक्रम तेच उभा करत असले, तरी समितीच्या निवडणुकीत त्यांना स्थान नाही.

तर ‘फ्लॅट मिस्टरांच्या नावावर’ असलेल्या ताईंना उत्तर असे: नुसती पत्नी असणे पुरेसे नाही, पण मार्ग बंदही नाही. यजमानांनी लेखी अर्ज करून तुम्हाला सहयोगी सभासद करून घ्यावे, समितीच्या सभेत तो अर्ज मंजूर व्हावा, नोंदवहीत नोंद व्हावी आणि उभे राहण्यासाठी त्यांची लेखी संमती जोडावी. हे सगळे मतदार यादी पक्की होण्याआधी व्हायला हवे. अर्ज दिल्याची पोच आणि मंजुरीच्या ठरावाची प्रत, दोन्ही मागून घ्या. समिती ‘बघू पुढच्या मीटिंगला’ म्हणत टाळत असेल, तर स्मरणपत्र द्या आणि त्याचीही पोच ठेवा.

एका गोष्टीचा अंदाज अनेकांना नसतो. एकाच व्यक्तीच्या नावावर दोन फ्लॅट असले तरी ती सभासद एकच, आणि तिचे मतही एकच.

तीन महिन्यांचा हिशेब

थकबाकीदाराला समितीवर येता येत नाही. थकबाकीदार कोण, हे सचिवांच्या मर्जीवर नसते. बिल किंवा नोटीस मिळाल्याची तारीख आणि पैसे भरण्याची मुदत, यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून तीन महिन्यांत देणे चुकते केले नाही, तर सभासद थकबाकीदार ठरतो. म्हणजे मागच्या महिन्याचे बिल राहिले म्हणून कुणाला बाद करता येत नाही. आणि ‘मला बिलच पटत नाही’ म्हणून वर्षभर न भरणाऱ्याला, त्याचे म्हणणे खरे असले तरी, तेवढ्यावर उभे राहता येत नाही.

वादातली रक्कम असेल तर माझा सल्ला रोखठोक आहे: भरून टाका, पण हरकत राखून. चेकसोबत दोन ओळींचे पत्र द्या: अमुक रकमेबाबत माझी हरकत कायम ठेवून, निवडणुकीतील पात्रतेवर परिणाम होऊ नये म्हणून ही रक्कम भरत आहे. वाद नंतर निबंधकांकडे किंवा सहकार न्यायालयात लढता येतो. गेलेली निवडणूक मात्र पाच वर्षांनी येते.

ऑनलाइन भरत असाल तर बँकेच्या संदेशावर थांबू नका. रक्कम सोसायटीच्या खतावणीत तुमच्या नावावर जमा झाली का, हे खातेउतारा मागून तपासा. यूपीआयने पाठवलेले पैसे फ्लॅट क्रमांक न लिहिल्यामुळे ‘अनामत जमा’ खात्यात पडून राहतात आणि खातेदार मात्र थकबाकीदारांच्या यादीत झळकतो, असे होते. शक्य असेल तर ‘बाकी नाही’ असा दाखला सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा.

आणखी कशाने अर्ज अडतो

अपात्रतेची कारणे मुख्यतः कलम १५४ब-२३ मध्ये आणि तुमच्या उपविधीत आहेत. नेहमी आडवी येणारी ही:

- नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असणे.
- सोसायटीच्या नुकसानीबद्दल कायद्याखालच्या चौकशीत जबाबदार धरले गेलेले असणे.
- सोसायटीचा पगारी नोकर असणे, किंवा त्याच सोसायटीतले फ्लॅट विकण्याचा, भाड्याने देण्याचा धंदा करणे. दलालीचा जोडधंदा असलेल्यांनी हे नीट वाचावे.
- फ्लॅट सोसायटीला न कळवता भाड्याने दिलेला असणे. करारनाम्याची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत कार्यालयात दिलेली नसेल तर आजच द्या.
- दोनपेक्षा जास्त अपत्ये असणे. ही अट ग्रामपंचायतीपुरतीच आहे असे बहुतेकांना वाटते; २०१९ च्या दुरुस्तीने ती गृहनिर्माण संस्थांच्या समितीलाही लागली. त्यात तारखांचे अपवाद आहेत, म्हणून ऐकीव माहितीवर माघार घेऊ नका आणि बेफिकीरही राहू नका. कलमाचा आजचा मजकूर वाचा.

समितीत जागा किती, राखीव कोणत्या?

समितीची संख्या उपविधीत दिलेली असते. कायद्याची कमाल मर्यादा २१ आहे. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे शंभरपर्यंत सभासद असलेल्या सोसायटीत ११ जणांची समिती असते: सहा सर्वसाधारण, दोन महिला, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व विमुक्त-भटक्या जमाती अथवा विशेष मागास प्रवर्ग यांची प्रत्येकी एक. सभासद वाढतात तशी संख्या वाढत जाते. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारले आहेत आणि या निवडणुकीत कोणत्या जागा राखीव आहेत, हे निवडणूक कार्यक्रमाच्या सूचनेत लिहिलेले असते. ती सूचना वाचल्याशिवाय प्रवर्गाच्या रकान्यात खूण करू नका. राखीव जागेसाठी जातीचा दाखला लागतो, आणि महिला जागेवरची महिलाही वर सांगितलेल्या अर्थाने सभासद असावी लागते.

कार्यक्रम कसा चालतो

सभासद २५० पर्यंत असतील तर सोसायटी आपली निवडणूक नियमांनुसार स्वतः घेऊ शकते; त्यासाठी निवडणूक अधिकारी नेमावा लागतो. त्याहून मोठ्या सोसायट्यांची निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाने नेमलेला अधिकारी घेतो. दोन्हीकडे एक गोष्ट पक्की: जो स्वतः उभा आहे तो निवडणूक अधिकारी होऊ शकत नाही. ‘सेक्रेटरीसाहेबच घेतील निवडणूक, ते उभेही आहेत’ अशी व्यवस्था दिसली तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्या.

टप्पे साधारण असे:

1. प्रारूप मतदार यादी सूचना फलकावर लागते. खरे काम इथे आहे. नावाचे स्पेलिंग, फ्लॅट क्रमांक, पहिले नाव आणि दुसरे नाव यांचा क्रम तपासा. लग्नानंतर आडनाव बदलले असेल तर सर्टिफिकेटवर जुने आणि आधार कार्डावर नवे, असा घोळ छाननीत निघतो.
2. हरकती ठरलेल्या दिवसांतच घ्यायच्या, लेखी, पोच घेऊन. यादी अंतिम झाल्यावर ‘माझे नाव राहिले हो’ याला उपाय राहत नाही.
3. अंतिम यादी आणि निवडणूक कार्यक्रम जाहीर होतो.
4. उमेदवारी अर्ज. सूचक आणि अनुमोदक लागतात. दोघेही अंतिम यादीतले हवेत.
5. छाननी. या वेळी स्वतः हजर राहा.
6. माघार, मग अंतिम उमेदवारांची यादी.
7. मतदान, मतमोजणी, निकाल. जागा तेवढेच वैध अर्ज उरले तर मतदान होत नाही. उमेदवार बिनविरोध निवडून येतात.

अर्ज भरण्याची संध्याकाळ

अर्ज शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला देऊ नका. आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर चार कागद मांडा: अंतिम मतदार यादीची प्रत, शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स, शेवटच्या बिलाची पावती, ओळखपत्र. अर्जातला मतदार क्रमांक यादीवर बोट ठेवून उतरवा. फ्लॅट ‘ब-७०२’ असेल तर ‘७०२’ एवढेच लिहून मोकळे होऊ नका. अ विंगेतही ७०२ आहे. सूचकाचे नाव यादीत जसे छापले आहे तसेच लिहा. देशपांडेकाकांना सगळी कॉलनी ‘बंडूकाका’ म्हणत असली तरी अर्जावर ते बंडूकाका नाहीत. आणि मूळ सभासद असलेल्या काकूंच्या जागी काकांची सही सूचक म्हणून घेऊ नका. ही चूक इतक्या सहज होते की छाननीच्या दिवशी बाद अर्जांचा गठ्ठा उघडला की हमखास सापडते.

पोच घ्या. पोचेवर तारीख आणि वेळ हवी.

आश्वासने देण्याआधी उपविधी वाचा

पॅनेल उभे राहिले की पत्रक निघते आणि पत्रकात काय वाटेल ते लिहिले जाते. यातली बरीच आश्वासने समितीच्या हातातलीच नसतात. सोसायटीत सर्वोच्च अधिकार सर्वसाधारण सभेचा असतो. समिती तिचे ठराव अमलात आणते. काही नमुने:

- ‘मेंटेनन्स चौरस फुटावर लावू.’ आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखे असते. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर जाते, तर सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. मोठ्या फ्लॅटवाल्यांकडून जास्त घेऊन लहान फ्लॅटवाल्यांची मते मिळवण्याचा बेत कागदावरच फसतो.
- ‘भाडेकरू ठेवणाऱ्यांकडून दुप्पट वसूल करू.’ बिगरवास्तव्य शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हा शासनाचा २००१ चा आदेश आहे.
- ‘ट्रान्सफरचे पैसे वाढवून फंड उभा करू.’ हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. वर ‘ऐच्छिक देणगी’ या नावाने घेतलेली रक्कम पुढे अंगाशी येते.
- ‘थकबाकीदारांची व्याजे माफ करू.’ २०१४ च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर सरळव्याज जास्तीत जास्त २१ टक्क्यांपर्यंत आहे. दर काय असावा हे सर्वसाधारण सभा ठरवते. समितीने परस्पर माफी दिली तर लेखापरीक्षक बोट ठेवणार.
- ‘सहा महिन्यांत पुनर्विकास.’ कलम ७९अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने बांधून देतो: विशेष सर्वसाधारण सभा, प्रकल्प सल्लागार, निविदा, विकासक निवडीच्या सभेचे चित्रीकरण. ज्या उमेदवाराने बिल्डर आधीच ‘बघून ठेवला’ आहे, त्याला मत देण्यापूर्वी तो कसा आणि कुणी बघितला हे विचारा.

मग सांगण्यासारखे उरते काय? खरे तर पुष्कळ. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागवा आणि वाचा. लेखापरीक्षकाने दाखवलेल्या दोषांवर समितीने ‘ओ’ नमुन्यातला दुरुस्ती अहवाल दिला का, ते बघा. जमिनीचे अभिहस्तांतरण झाले नसेल आणि बिल्डर टोलवत असेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज कधी करणार ते सांगा. लिफ्ट आणि अग्निशमन यंत्रणेची देखभाल कुणाकडे आहे, करार कधी संपतो हे शोधा. एवढे केलेला उमेदवार सोसायटीच्या आवारात उभा राहून बोलायला लागला की रंगीत पत्रकाची गरज पडत नाही.

हे कागद मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. कलम १५४ब-८ प्रमाणे सभासद लेखी अर्ज करून आणि शुल्क भरून कागदपत्रांच्या प्रती मागू शकतो. सोसायटीने त्या ४५ दिवसांत द्यायच्या असतात. म्हणून अर्ज निवडणुकीच्या खूप आधी टाका. माहिती अधिकाराचा अर्ज थेट सोसायटीला लागू पडत नाही, पण सोसायटीने उपनिबंधकांकडे दिलेले कागद त्या कार्यालयातून माहिती अधिकारात मागता येतात. मुंबईत ही कार्यालये महापालिकेच्या प्रभागांनुसार आहेत.

प्रचार

थोडक्यात: घरी जा, एकेकट्याशी बोला, रात्री नऊनंतर बेल वाजवू नका. व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘मागच्या समितीने पैसे खाल्ले’ असे लिहिण्यापूर्वी तुमच्याकडे कागद आहे का ते बघा. नसेल तर तो आरोप अब्रुनुकसानीचा ठरू शकतो. आणि निवडणूक झाल्यावरही त्याच माणसांबरोबर एका लिफ्टने वर-खाली करायचे आहे. मतदानाच्या आदल्या रात्री गच्चीवर पार्टी देणाऱ्या पॅनेलबद्दल मी वेगळे काही सांगायला हवे असे नाही.

मतदानाच्या दिवशी

- मत गुप्त असते आणि स्वतः येऊनच द्यायचे असते. मुखत्यारपत्र देऊन किंवा ‘माझ्या वतीने तो टाकेल’ म्हणून मत देता येत नाही.
- जितक्या जागा तितकीच मते. प्रवर्गातल्या जागांपेक्षा जास्त खुणा केल्या की त्या प्रवर्गातले मत बाद. ज्येष्ठ मतदारांना हे आधीच समजावून सांगा; पॅनेलच्या स्लिपा वाटून नव्हे, मतपत्रिकेचा नमुना दाखवून.
- मोजणीच्या वेळी प्रतिनिधी ठेवा. बाद मतपत्रिका कोणत्या कारणाने बाद झाली ते तिथेच विचारा; घरी गेल्यावर आठवून उपयोग नाही.

अर्ज बाद झाला किंवा निकाल पटला नाही तर

इथे वेळेचा हिशेब कडक आहे. अर्ज छाननीत फेटाळला गेला, तर कलम १५२अ खाली निबंधकांकडे अपील करायला तीन दिवस मिळतात. छाननीच्या दिवशीच फेटाळण्याचे कारण लेखी मागून घ्या, नाहीतर तीनातला एक दिवस प्रत मिळवण्यातच जातो. निकालाविरुद्धचा वाद निकाल जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत सहकार न्यायालयात न्यावा लागतो. ‘आधी सोसायटीतच मिटवू या’ या गोड शब्दांत दोन महिने निघून जातात, हे ध्यानात असू द्या.

चालू समितीने मुदत संपूनही निवडणूकच लावली नसेल, तर उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा. मुदत उलटलेल्या समितीच्या जागी ते प्रशासक किंवा प्राधिकृत अधिकारी नेमू शकतात. मात्र प्रशासक आला की त्याचा खर्च सोसायटीच्याच खिशातून जातो, आणि गळका पाइप बदलण्याचा निर्णयही रेंगाळतो. शक्यतो ती वेळ येऊ देऊ नका.

उभे राहावेच का?

बहुतेक सोसायट्यांत अडचण चुरशीची नसते, उमेदवार मिळत नाहीत ही असते. ‘काका, यंदा तुम्हीच व्हा’ म्हणून कुणाला तरी घोड्यावर बसवले जाते. होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घ्या.

पहिली, समितीची सभा महिन्याला किमान एकदा होते, आणि परवानगीशिवाय लागोपाठ तीन मासिक सभांना गैरहजर राहिलात तर सदस्यत्व जाते. परदेशी मुलाकडे चार महिने जाणार असाल तर तसे लेखी कळवून रजा मंजूर करून घ्या.

दुसरी, समितीच्या निर्णयांना सगळे सदस्य एकत्र आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार धरले जातात. ‘मी नुसती सही केली’ हा बचाव चालत नाही. एखादा खर्च पटला नाही तर सभेतच विरोध नोंदवा आणि पुढच्या सभेत इतिवृत्त वाचले जाईल तेव्हा तो लिहिला गेला आहे का ते बघा. लिहिलेला नसेल तर दुसऱ्याच दिवशी पत्र द्या. एरवी अगदी सज्जन असलेली माणसे इथे भिडेपोटी गप्प बसतात आणि नंतर चौकशीची नोटीस त्यांच्याही नावाने निघते.

हे झेपणारे नसेल तर समितीबाहेर राहूनही काम करता येते. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकांची तुलना, वार्षिक सभेपूर्वी हिशेब वाचणे, अभिहस्तांतरणाचे कागद गोळा करणे ही कामे समितीला मदतीला माणूस मिळाला तर हवीच असतात. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची सूचना १४ दिवस आधी मिळायला हवी. त्या सभेत नीट प्रश्न विचारणारा एक सभासद, सह्यांपुरत्या येणाऱ्या तीन समिती सदस्यांपेक्षा सोसायटीच्या जास्त उपयोगी पडतो, असे माझे मत आहे.

निवडून आलात? दप्तर मोजून घ्या

पेढे वाटून झाले की पहिले काम कार्यभार घेण्याचे. जुन्या सचिवांनी हातात किल्ल्या ठेवल्या म्हणजे कार्यभार मिळाला असे नव्हे. यादी करून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन खालच्या वस्तू ताब्यात घ्या:

- सभासद नोंदवही, ‘आय’ आणि ‘जे’ नमुने, शेअर आणि नामनिर्देशन नोंदवह्या
- सर्वसाधारण सभेचे आणि समितीचे इतिवृत्त. पानांवर क्रमांक आहेत का, मधली पाने कोरी तर नाहीत ना
- मुदत ठेवींच्या मूळ पावत्या, प्रत्येकीचा क्रमांक आणि मुदत बँकेकडून पडताळून
- चेकबुके, कोरे आणि सही केलेले चेक असतील तर त्यांचे क्रमांक
- मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, जमिनीचे कागद
- लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक, सफाई यांचे करार आणि न्यायालयात चालू असलेल्या दाव्यांच्या फाइली
- सोसायटीच्या ईमेल, बँकेच्या नेटबँकिंग आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे पासवर्ड. बहुतेक सोसायट्यांच्या कार्यभार यादीत हे नसते, आणि तीन महिन्यांनी वीजबिल कुणाच्या तरी जुन्या मोबाइलवर जात असल्याचे कळते.

दप्तर द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर दोन लेखी स्मरणपत्रे पुरेत. त्यानंतर उपनिबंधकांकडे अर्ज करा. कलम ८० खाली ते दप्तर ताब्यात घेण्याची कारवाई करू शकतात. बँकेत सह्या बदलण्यासाठी नव्या समितीचा ठराव आणि निकालाची प्रत लागते. ते काम पहिल्याच आठवड्यात उरका, कारण तोवर माळी, वॉचमन आणि पाण्याच्या टँकरवाल्यांचे पैसे जुन्या सह्यांवरच अडकून राहतात. उपविधींबद्दल शंका असेल तर मुंबई आणि पुण्यात जिल्हा गृहनिर्माण संस्था फेडरेशन आहेत. तुमची सोसायटी सभासद आहे का आणि वर्गणी भरलेली आहे का, ते कार्यभार घेतानाच विचारून घ्या.